पर्शियाचा इराण झाला तेव्हा



हा लेख पुढे वाचण्यापूर्वी एक छोटेसे काम करा. घरात मुलांचा नकाशासंग्रह असेल तर तो उघडा आणि त्यात 'पर्शिया' नावाचा देश शोधा. पर्शियन आखात तुम्हांला लगेच सापडेल. बाजारात गेलात तर पर्शियन गालिचा मिळेल, श्रीमंतांच्या घरी पर्शियन मांजर दिसेल. पण पर्शिया नावाचा देश मात्र नकाशावर कोठेही आढळणार नाही. मग तो देश गेला कोठे?

काही वर्षांपूर्वी नववीच्या वर्गात मी हाच प्रश्न मुलांना विचारला होता. एक मुलगा मोठ्या आत्मविश्वासाने उठला आणि म्हणाला, "सर, तो अलेक्झांडरने जिंकला, तेव्हाच संपला." दुसऱ्याने हळूच सांगितले, "सर, इराक असेल." वर्गातील एकालाही इराण हे उत्तर देता आले नाही. विशेष म्हणजे बातम्यांतून इराणचे नाव सर्वांनी ऐकलेले होते, आणि इराणी हॉटेलातील ब्रुन-मस्का तर निम्म्या वर्गाने खाल्लेला होता. मुलांचा दोष नव्हता. सायरसचा धडा आम्ही त्यांना 'पर्शियन साम्राज्य' म्हणून शिकवतो आणि वर्तमानपत्र त्यांना 'इराण' म्हणून बातमी देते. ही दोन्ही एकाच घराची नावे आहेत, हे सांगायचे मात्र राहून जाते.

त्या दिवशी वर्गात जे अर्धवट राहिले, ते आज या पानांवर पुरे करावे असा विचार आहे.

घरचे नाव आणि बाहेरचे नाव

आपल्याकडे मुलाचे पाळण्यातले नाव एक असते आणि गल्लीतील पोरे हाक मारतात ते दुसरेच असते. देशांचेही असेच होते.

इराणच्या नैर्ऋत्य भागात पार्स नावाचा प्रांत आहे. शिराझ शहर याच प्रांतात आहे, म्हणजे शेख सादी आणि हाफिज यांची ही भूमी. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात सायरसने येथूनच उठून एक अफाट साम्राज्य उभारले. ग्रीकांचा संबंध आला तो या पार्सच्या राज्यकर्त्यांशी, म्हणून त्यांनी सगळ्या देशालाच त्या एका प्रांताचे नाव देऊन टाकले. ग्रीकांकडून ते रोमनांकडे आणि रोमनांकडून साऱ्या युरोपकडे गेले. हाच तो पर्शिया.

अरबांनीही काही वेगळे केले नाही. अरबी भाषेत 'प' हा उच्चार नाही, म्हणून पार्सचा फार्स झाला आणि तेथील भाषा फारसी झाली. हजरत सलमान फारसी (रजि.) यांचे नाव आपल्या घरांतील लहान मुलालाही माहीत असते. सीरतच्या ग्रंथांत त्यांचे जन्मगाव इस्फहानजवळचे सांगितले आहे. इस्फहान काही फार्स प्रांतात नाही. तरीही अरबांच्या लेखी ते 'फारसी'च ठरले, कारण त्यांनीही एका प्रांताच्या नावाने सगळ्या मुलखाला ओळखले. अरबांचा आणखी एक शब्द होता, अजम. अरब नसलेले ते अजमी, आणि पुढे पुढे अजम म्हणजे प्रामुख्याने हाच देश असे समीकरण झाले.

मग तेथील माणसे स्वतःच्या देशाला काय म्हणत होती? ती म्हणत होती इराण. 'आर्यांचा देश' असा त्या शब्दाचा मूळ अर्थ. संस्कृतातील 'आर्य' आणि हा शब्द एकाच मुळातून आलेले आहेत. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात ससानी घराण्याचा संस्थापक अर्दशीर याने आपल्या शिलालेखात स्वतःला 'इराणच्या राजांचा राजा' असे म्हटले आहे. फिरदौसीने इसवी सन १०१० च्या सुमारास शाहनामा पुरा केला. त्यात इराण आणि तुराण यांच्या झुंजी आहेत, पर्शिया नावाचा देश त्यात नाही. आपल्या मराठ्यांच्या अठराव्या शतकातील पत्रांतूनही इराण हेच नाव येते. १७३९ मध्ये दिल्ली लुटणारा नादिरशहा दख्खनच्या लोकांना 'इराणचा' म्हणूनच ठाऊक होता.

बाहेरच्यांनी एका प्रांतावरून देशाला नाव द्यावे, हे जगात सर्वत्र झालेले आहे, आणि यात इराणीही मागे नव्हते. ग्रीक लोक स्वतःच्या देशाला हेलास म्हणतात. पण इराण्यांची गाठ आधी पडली ती आयोनियाच्या किनाऱ्यावरील ग्रीकांशी, म्हणून त्यांनी सगळ्या ग्रीसला 'यूनान' केले. आपल्या हकीमसाहेबांचे यूनानी औषध तेथूनच आले. नेदरलँड्समधील हॉलंड हा एक भाग, पण जगाने सगळ्या देशालाच हॉलंड म्हटले आणि आपण त्या लोकांना वलंदेज केले. २०२० साली त्या देशाच्या सरकारने आपल्या प्रसिद्धीतून हॉलंड हे नाव काढून टाकले. आणि आपला हिंद? तो तर सिंधू नदीवरून इराण्यांनीच केला. तेव्हा वाचकहो, शेजाऱ्याने दिलेले नाव नेहमी अपमानाचेच असते असे नाही. कित्येकदा आपण ते अभिमानाने मिरवतो.

एक पत्रक निघाले

आता १९३५ सालाकडे येऊ.

विसाव्या शतकाच्या आरंभी या देशाची अवस्था फार केविलवाणी झाली होती. १९०७ साली ब्रिटन आणि रशिया यांनी आपसांत करार करून तेथे आपापली प्रभावक्षेत्रे आखून घेतली. उत्तरेकडे रशियाचे, आग्नेयेला ब्रिटनचे आणि मधला भाग तटस्थ. ज्यांचा देश, त्यांना कोणी विचारलेही नाही. तेलाचा मक्ता १९०१ पासूनच एका इंग्रजाच्या हाती गेलेला होता. परदेशी माणसाने तेथे गुन्हा केला तरी त्याचा न्याय देशी न्यायालयात होत नसे.

१९२१ मध्ये रझाखान नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने तेहरानवर चाल केली. १९२५ मध्ये काजार घराणे पदच्युत झाले आणि रझाखानाचा रझाशाह झाला. त्याच्या राज्यकारभारात जुलूमजबरदस्ती बरीच होती, ते विसरता येणार नाही. परंतु परक्यांपुढे मान ताठ ठेवायची ही त्याची जिद्दही खरी होती. १९२८ मध्ये त्याने परदेशीयांच्या न्यायालयीन सवलती रद्द केल्या. १९३२ मध्ये तेलाचा जुना मक्ता रद्द करून पुढील वर्षी नवा करार घडवून आणला. याच मालिकेतले पुढचे पाऊल म्हणजे नावाचे.

१९३४ च्या अखेरीस परराष्ट्र खात्याने तेहरानमधील सर्व परदेशी वकिलातींना एक पत्रक पाठवले. २१ मार्च १९३५ पासून, म्हणजे नौरोजच्या दिवसापासून, आमच्या देशाचा उल्लेख 'इराण' असा करावा, अशी त्यात विनंती होती. कारणे साधी होती. देशातील लोक शतकानुशतके हेच नाव वापरत आले आहेत. पार्स हा देशाचा एक प्रांत आहे, सगळा देश नव्हे. शिवाय पर्शिया म्हटले की युरोपीय माणसाच्या डोळ्यांसमोर उभा राही तो काजारांच्या काळातील दुबळा, कर्जबाजारी देश. ते चित्र पुसायचे होते. सईद नफीसी या नामांकित विद्वानाने तेहरानच्या 'इत्तिलाआत' या दैनिकात लेख लिहून या निर्णयाचे समर्थन केले.

येथे एक गोष्ट लपवून ठेवणे योग्य होणार नाही. ही सूचना बर्लिनमधील वकिलातीकडून आली होती, आणि त्या वेळी जर्मनीत नाझी सत्तेवर होते. 'आर्य' या शब्दाचा तेथे वंशद्वेषासाठी भयंकर गैरवापर चालू होता. 'आमच्या देशाच्या नावातच आर्य आहे' असे सांगण्याचा मोह त्या वेळच्या काही मंडळींना झाला. म्हणून कित्येक लोक आजही समजतात की इराण हे नाव हिटलरच्या काळात जन्माला आले. ते चूक आहे. नाव हिटलरच्या सतराशे वर्षे आधीच्या शिलालेखात आहे. नाव निर्मळ असले तरी ते पुढे करण्याची वेळ आणि हेतू यांवर बोट ठेवता येते, एवढा धडा यातून घ्यावा.

जगाने काय म्हटले?

या पत्रकावर लोकांच्या प्रतिक्रिया काय झाल्या, हा या लेखाचा खरा विषय आहे.

आधी घरच्यांचे पाहू. देशात फारशी खळबळ झालीच नाही, कारण तेथे बदलले काय? शेतकरी, बागवान, कारागीर, मुल्ला, शायर, सगळेच इराण म्हणत होते. याचा एक पुरावा तर आपल्या मुंबईत आहे. फारसी भाषेतील पहिला बोलपट तेहरानमध्ये नव्हे, मुंबईत तयार झाला. 'आलम आरा' काढणाऱ्या अर्देशिर इराणी यांच्या इंपीरियल फिल्म कंपनीत अब्दुल हुसैन सेपंता यांनी १९३३ मध्ये 'दुख्तर-ए-लोर' हा चित्रपट सिद्ध केला. त्याचे दुसरे नाव होते 'कालचा इराण आणि आजचा इराण' या अर्थाचे. पत्रक निघण्यापूर्वी वर्ष-दीड वर्ष आधीची ही गोष्ट आहे.

कागदोपत्री बदल झपाट्याने झाला. ज्यांना तिकिटे जमवण्याचा छंद आहे, त्यांनी त्या काळची तिकिटे पाहावीत. तिकिटांवर फ्रेंच भाषेत 'पर्शियन टपाल' असे छापलेले असे. १९३५ मध्ये छापून तयार असलेल्या जुन्या तिकिटांवरच 'इराणी टपाल' असा नवा ठसा मारून ती विकण्यात आली. एकाच चिटोऱ्यावर देशाची दोन नावे आली. अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनीने त्याच वर्षी आपले नाव अँग्लो-इराणियन केले. पाटी बदलली, नफ्याचा ओघ मात्र होता त्याच दिशेने वाहत राहिला. त्या तेलाचे राष्ट्रीयीकरण व्हायला १९५१ साल उजाडावे लागले. नाव बदलले म्हणजे नशीब बदलले असे नव्हे, हे यावरून ध्यानात येईल.

इंग्रजांच्या अंगवळणी मात्र हे नाव लवकर पडले नाही. शाळेपासून ज्याने पर्शिया वाचला, त्याला इराण हा कोणी नवा, परका देश वाटे. त्यातच शेजारी इराक होता. तो १९३२ मध्ये स्वतंत्र झाला होता. इराण आणि इराक, ऐकायला सारखे आणि लिहायला इंग्रजीत एकाच अक्षराचा फरक. दुसऱ्या महायुद्धात ऑगस्ट १९४१ मध्ये ब्रिटन व सोव्हिएट रशिया यांच्या फौजा इराणात शिरल्या. इराकमध्ये ब्रिटिश फौजा होत्याच. एका देशाचा हुकूम दुसऱ्या देशात जाऊन पडला तर अनर्थ व्हायचा. म्हणून पंतप्रधान चर्चिल यांनी युद्धापुरते पुन्हा पर्शिया हेच नाव वापरावे असा आग्रह धरला आणि इराण सरकारने त्याला मान्यता दिली. अमेरिकेने मात्र इराणच चालू ठेवले. १९४३ च्या अखेरीस रूझवेल्ट, चर्चिल आणि स्टालिन तेहरानमध्ये भेटले, तेव्हा निघालेल्या जाहीरनाम्यात नाव इराण असेच होते. ज्या रझाशाहने हे नाव जगाकडून मागून घेतले, तो मात्र तोवर गादी सोडून परदेशात हद्दपारीत होता. १९४४ मध्ये तो जोहान्सबर्ग येथे वारला.

एका विद्वानाची तक्रार

सर्वांत विचार करायला लावणारी प्रतिक्रिया परक्यांची नव्हे. ती एका इराणी माणसाचीच आहे.

एहसान यारशातर हे फारसी साहित्य आणि इतिहास यांचे थोर अभ्यासक. पुढे अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात ते प्राध्यापक होते. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे म्हणणे असे होते की या बदलात आपण लाभापेक्षा तोटाच जास्त करून घेतला. पर्शिया म्हटले की युरोपच्या माणसाला सायरस आठवे, उमर खय्याम आठवे, बागा, गालिचे, लघुचित्रे आठवत. इराण म्हटल्यावर त्याला काहीच आठवेना, किंवा इराक आठवू लागला. म्हणजे हजारो वर्षांची पुण्याई एका नावाच्या खात्यात जमा होती, आणि आपण ते खाते सोडून नवीन उघडले. १९५९ मध्ये त्यांच्याच पुढाकाराखालील समितीच्या शिफारशीवरून सरकारने परदेशात इराण आणि पर्शिया ही दोन्ही नावे चालतील असे मान्य केले. पण एकदा फिरलेले चाक उलटे फिरत नाही. व्यवहारात इराणच राहिले.

गंमत अशी की याच यारशातर यांनी आयुष्यभर खपून जो महान ज्ञानकोश उभारला, त्याचे नाव 'एन्सायक्लोपीडिया इराणिका' असे आहे. तक्रार आपल्या जागी आणि देशाचे नाव आपल्या जागी.

१९७९ मध्ये राजेशाही गेली, इस्लामी प्रजासत्ताक आले. राज्याचे स्वरूप मुळापासून बदलले, पण इराण हे नाव कोणी बदलले नाही. आखाताच्या बाबतीत मात्र तोच देश जुन्या नावाला घट्ट धरून आहे. १९६० च्या दशकापासून अरब देश 'अरबी आखात' म्हणू लागले, तेव्हापासून 'पर्शियन आखात' या नावासाठी इराण सतत झगडत आला आहे. अमेरिकेत जाऊन स्थायिक झालेले कितीतरी इराणी स्वतःला 'पर्शियन' म्हणवतात. १९७९ मध्ये तेहरानमधील अमेरिकन वकिलातीतील लोकांना ओलीस ठेवले गेले, ते प्रकरण ४४४ दिवस चालले. त्यानंतर अमेरिकेत इराणी म्हटले की लोकांच्या कपाळावर आठ्या पडत. पर्शियन म्हटले की गालिच्याची आठवण होई. जुने नाव त्या बिचाऱ्यांना छत्रीसारखे उपयोगी पडले.

यारशातर यांची तक्रार खरी असली तरी मला दुसरी बाजूही तितकीच वजनदार वाटते. इराणात केवळ फारसी बोलणारेच राहतात असे नाही. आझरबैजानी तुर्की बोलणारे आहेत, कुर्द आहेत, लोर आहेत, बलुच आहेत, अरब आहेत. पर्शिया हे नाव ठेवले तर ते एका प्रांताचे आणि एका भाषेचे घर ठरते. इराण म्हटले की या सर्वांना त्यात शिरायला जागा मिळते. प्रत्यक्ष राज्यकर्त्यांनी त्या सर्वांना सारखा न्याय दिला असे म्हणता येणार नाही. पण ज्या नावात घरातील प्रत्येकाचा वाटा असतो, ते नाव अधिक चांगले, असे मला वाटते.

मुंबईत एका देशाची तीन नावे

हा सगळा दूरदेशीचा इतिहास आहे असे समजू नका. या देशाची नावे आपल्या मुंबईत आजही चालतीबोलती आहेत.

फार पूर्वी इराण सोडून गुजरातेत संजाण बंदरावर जे झरतुष्ट्री उतरले, त्यांना आपण पारशी म्हणतो. ते नाव पार्स प्रांतावरून आले. त्यांचेच धर्मबांधव एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांत यझ्द आणि केरमान भागांतून आले. त्यांना आपण इराणी म्हटले. कोपऱ्यावरची चहाची हॉटेले त्यांनी काढली. धर्म एक, मूळ देश एक, पण आधी आले ते पारशी आणि नंतर आले ते इराणी. आणि भेंडीबाजारच्या बाजूला निळ्या फरशांनी मढवलेली एक सुंदर मशीद आहे. इराणी व्यापाऱ्यांनी ती १८६० मध्ये बांधली. तिचे नाव मस्जिद-ए-इराणियान, पण मुंबईकर तिला मोगल मशीद म्हणतात, कारण इराणातून आलेल्या मुसलमान व्यापाऱ्यांना त्या काळी मुंबईत 'मोगल' म्हणत. बाबराच्या घराण्याशी त्यांचा काहीएक संबंध नव्हता. एकाच देशातून आलेल्या तीन प्रकारच्या माणसांना आपण तीन नावे दिली आणि ती तिन्ही टिकली.

खुद्द मुंबईचेही पाहा. मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच म्हणत आला. १९९५ मध्ये अधिकृत इंग्रजी नावही मुंबई झाले, म्हणजे घरचे नाव बाहेरही चालवायला सांगण्यात आले. तरी उच्च न्यायालयाच्या आणि पवईच्या तंत्रशिक्षण संस्थेच्या नावात 'बॉम्बे' राहिले. इराणचे १९३५ मध्ये झाले, ते जवळजवळ असेच होते.

याहूनही जुना दाखला शिवाजी महाराजांच्या काळातला आहे. १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी अष्टप्रधानांच्या फारसी पदव्या बदलून संस्कृत पदव्या देण्यात आल्या. पेशव्याचा मुख्य प्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य झाला, डबीराचा सुमंत झाला. दरबारी कागदात हे आले. परंतु पुढे शंभर-सव्वाशे वर्षे लोकांच्या तोंडी पेशवे हाच शब्द राहिला आणि इतिहासातही 'पेशवाई'च नोंदली गेली. पेशवा हा अस्सल फारसी शब्द, अर्थ पुढारी. सरकारी हुकमाने पाटी बदलते. जीभ मात्र आपल्या सवडीने बदलते.

आपण काय करावे?

२०२२ मध्ये तुर्कस्तानने संयुक्त राष्ट्रांना कळवले की इंग्रजीतही आमचे नाव आता 'तुर्किये' असे लिहावे. संयुक्त राष्ट्रांनी ते लगेच मान्य केले. इंग्रजीत त्या देशाचे आणि एका पक्ष्याचे नाव एकच होते, त्यामुळे होणारी थट्टा त्यांना नको होती. त्या वेळीही काहींनी स्वागत केले, काहींनी थट्टा केली आणि पुष्कळांनी जुनेच नाव चालू ठेवले. ८७ वर्षांपूर्वी इराणच्या वाट्याला जे आले, तेच पुन्हा घडले. पुढेही घडत राहील.

अशा वेळी आपण कोणती भूमिका घ्यावी? माझे मत मी स्पष्ट सांगतो. माणूस आपले नाव ज्या तऱ्हेने सांगतो, त्या तऱ्हेने त्याला हाक मारणे ही सभ्यता आहे. आपल्या मुलांची नावे कोणी वेडीवाकडी उच्चारली किंवा हसून मोडली, तर मुलांच्या चेहऱ्यावर काय उमटते ते पालकांना ठाऊक आहे. देशाचेही तसेच. तेव्हा इराणने इराण म्हणा म्हटले तर आपण इराण म्हणावे. पण तेवढ्याने आपले काम संपत नाही. नवे नाव तोंडी बसवताना जुन्या नावाखाली काय काय साठवलेले आहे, ते जपणे हे शिक्षणाचे काम आहे.

याचा व्यवहारातील अर्थ विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावा. समजा, तुम्ही महाविद्यालयाच्या ग्रंथालयात गेलात आणि सूचीत फक्त 'इराण' शोधलेत, तर काय होईल? एडवर्ड ब्राउन या इंग्रज पंडिताने लिहिलेला फारसी वाङ्मयाचा चार खंडांचा इतिहास तुमच्या हाती लागणार नाही, कारण त्याच्या नावात पर्शिया आहे. अल्लामा इक्बाल यांचा १९०८ सालचा डॉक्टरेटचा प्रबंध इराणातील तत्त्वविचारावर आहे, पण त्याच्याही शीर्षकात पर्शियाच आहे. मौलाना शिबली नोमानी यांचा उर्दूतील मोठा ग्रंथ हवा असेल तर 'शेर-उल-अजम' या नावाने शोधावा लागेल, कारण तेथे देशाचे नाव अजम आहे. तीन कपाटांत तीन नावांनी एकच देश बसलेला आहे. ज्याला तिन्ही नावे ठाऊक, त्याला तिन्ही कपाटे उघडतात. ज्याला एकच ठाऊक, त्याची दोन कपाटे कायमची बंद.

पालकांना माझी एक विनंती आहे. एके काळी आपल्या घरांत फारसीचे थोडेफार ज्ञान असे. आजोबा सादीची एखादी हिकायत सांगत, जुन्या सनदेवरचा शिक्का वाचून दाखवत. आज ती पिढी राहिली नाही. परंतु अर्ज, फिर्याद, कागद, बाजार, शहर हे फारसी-अरबी वाटेने आलेले शब्द आपण रोज मराठीत बोलतो. बीदरचा मदरसा १४७२ मध्ये बांधणारा बहमनी वजीर महमूद गवान हा इराणच्या उत्तरेकडील गीलान प्रांतातून आला होता. शिक्षणसंस्था उभारण्याची आपली परंपरा किती जुनी आहे, हे मुलांना सांगायचे असेल तर त्याच्यापासून आरंभ करता येईल. सहलीला बीदरला जाल, तेव्हा त्या मदरशाच्या मोडक्या मनोऱ्याखाली उभे राहून मुलांना विचारा, "हा माणूस कोठून आला?" मुले कोणतेही नाव सांगोत, इराण, पर्शिया किंवा अजम, तिन्ही बरोबर आहेत, हे त्यांना समजावून द्या.

मराठीत 'नाव ठेवणे' म्हणजे नामकरण, 'नावे ठेवणे' म्हणजे निंदा, आणि 'नाव काढणे' म्हणजे कीर्ती मिळवणे. रझाशाहने १९३५ मध्ये जगाला नाव कळवले. काहींनी त्यालाही नावे ठेवली. पण त्या देशाचे नाव काढले ते फिरदौसीने, इब्न सीनाने, सादीने आणि हाफिजने, आणि त्यांपैकी एकानेही त्यासाठी कोणत्याही वकिलातीला पत्रक पाठवले नव्हते.

माझ्या त्या नववीच्या वर्गातील, 'इराक असेल' म्हणणारा मुलगा दुसऱ्या दिवशी नकाशा घेऊन आला. त्याने इराणवर पेन्सिलीने कंसात 'पर्शिया' असे बारीक अक्षरात लिहिले होते. मी त्याला ते पुसायला सांगितले नाही. आज घरी मुलांचा नकाशा उघडाल तेव्हा तुम्हीही तसेच करून पाहा.